अर्ध्या आईचा दावा

४ जानेवारी

ठमे,

पंडिताचा साष्टांग नमस्कार. मावसबहीण असलीस तरी तू वयाने लहान, म्हणजे नमस्कार खरा तू करायचा. पण सध्या माझी वस्तू तुझ्या ताब्यात आहे, आणि ज्याचं काही अडकलेलं असतं त्याने वाकावं हे बरं. वस्तू म्हणजे माझी आई.

फोन सोडून पत्र का, ते सांगतो. फोनवर मी "आई, कधी येतेस?" असं विचारलं की ती म्हणते, "थांब हं, ठमीला देते." मग तू घेतेस आणि म्हणतेस, "बघू." कित्येक रविवार मी हे 'बघू' ऐकतो आहे. पत्राचं उत्तर म्हणून नुसतं 'बघू' पाठवायला तुलाही संकोच वाटेल, कारण त्याला पाकीट चिकटवावं लागतं.

तर वस्तुस्थिती अशी. मावशी आजारी पडली तेव्हा आई एक बॅग घेऊन तुझ्याकडे आली. जुळी बहीण अंथरुणाला खिळलेली, जायलाच हवं होतं. मीच तिला गाडीत बसवून दिलं. पुढे मावशी गेली, आपण सगळे रडलो, आणि मला परतावं लागलं, कारण छापखान्यात मुद्रितं साचली होती आणि माझ्यावाचून त्यांतल्या चुका कुणाला दिसत नाहीत असा माझा समज आहे. आई म्हणाली, "मी थोडी थांबते, पोर एकटी पडलीय." पोर म्हणजे तू. पोरीचे केस माझ्याइतकेच पिकले आहेत हे मी तेव्हा बोललो नाही, प्रसंग तसा नव्हता. आता बोलतो.

त्या 'थोडी'मध्ये एक अख्खा ऋतू मावला. थंडी पडली, आणि आईचा जाड कोट इथे खुंटीवर लोंबतो आहे. पाठवू का विचारलं तर म्हणाली, कशाला, ताईचा आहे की. काही मिनिटांनी थोरली म्हणून मावशी तिची ताई. ठमे, माणूस दुसऱ्या घरी राहतं तोवर पाहुणं असतं. दुसऱ्या घरचा कोट घालायला लागलं की गोष्ट गंभीर झाली.

आणि गेल्या रविवारी फोनमध्ये मागून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू आलं. चांगलं दम लागेपर्यंतचं. कशावर हसत होता? मी फोन ठेवल्यावर तुझ्या वहिनीने विचारलं, "चेहरा असा का झालाय?" म्हटलं, एका मुद्रितात मोठी चूक सापडली. षड्रिपूंच्या यादीत मत्सराला शेवटची जागा देणारे आपले पूर्वज भले असतील, पण त्यांच्या आया बहुधा घरीच होत्या.

तिकिटाचं मी बघतो. तू फक्त तिला मोकळं कर.

तुझा,
पंडित

*

१५ जानेवारी

पंडितदादा,

पत्र पोचलं. नमस्कार ठेवून घेतला आहे, परत करणार नाही.

मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, मी कोंडून ठेवलेलं नाही. घराचं दार आतून उघडतं, तिला कडी काढता येते, आणि स्टेशनचा रस्ता तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. सकाळी माझ्या आधी उठते, चहा करते, आणि माझ्या आईचा बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा स्वेटर घालून खिडकीत बसते. मी रक्तपेढीतून संध्याकाळी येते तेव्हा दिवा लागलेला असतो. आई असताना लागलेला असायचा, तसा. एवढंच आमचं कटकारस्थान.

हसत होतो ते तुझ्यावरच. तू लहानपणी खिशात खडू घेऊन दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दुरुस्त करत हिंडायचास, आणि एका न्हाव्याने तुझा कान धरून घरी आणलं होतं, ते ती सांगत होती. तिने न्हाव्याची नक्कल केली. फार छान करते.

शेवटच्या दिवसांत ती आईपाशी कशी होती ते तू पाहिलं नाहीस. आईला रक्त द्यायचं ठरलं तेव्हा मावशी बाही सरकवून उभी राहिली. म्हणाली, "माझं घ्या, ते तिचंच आहे." डॉक्टर म्हणाले, या वयात नाही घेता येत. शेवटी माझं दिलं. आईचा गट बी, माझाही बी, प्रश्न मिटला. मावशी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आणि 'माझी आई, माझी आई' हे जे चाललंय त्याबद्दल. शास्त्राप्रमाणे तुझी बाजू वाटते तितकी भक्कम नाही. त्या दोघी एकसारख्या जुळ्या. एका बीजाचे दोन भाग झाले, त्यातली एक तुझी आई, एक माझी. जे तिच्या पेशींत तेच हिच्या. मुलाला आईकडून अर्धी जनुकं मिळतात. तुला तुझ्या आईकडून मिळाली, मला माझ्या, पण भांडार एकच. म्हणजे रक्ताने आपण मावसभावंडं नाहीच. एका आईची, दोन बापांची मुलं आहोत. उद्या एखाद्या प्रयोगशाळेत माझं नि मावशीचं रक्त नेऊन दिलं तर ते लिहून देतील, ही हिची आई.

माझी एक आई गेली. एक उरली आहे. तिला मी तिकीट काढून परत का पाठवू, सांग.

ठमी

*

२७ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण तुझी वहिनी हे पत्र वाचेल आणि खोटं पकडेल. जेवलो. मग खालच्या मजल्यावरच्या जीवशास्त्राच्या मास्तरांकडे गेलो. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नाही, त्यामुळे त्यांनी मला दोनदा चहा पाजला आणि सोडायला तयार होईनात.

जुळ्यांच्या दोन जाती, असं ते म्हणाले. एका जातीत एकच बीज फळतं आणि पहिल्या काही दिवसांतच ते दुभंगतं. का दुभंगतं हे अजून कुणाला नीटसं सांगता येत नाही. लवकर दुभंगलं तर दोघांची वार, म्हणजे बाळामागून पडते ती, वेगळी; थोडं उशिरा दुभंगलं तर दोघांत एकच. दुसऱ्या जातीत त्या महिन्यात दोन बीजं सुटतात आणि दोन्ही वेगवेगळी फळतात. ही जुळी म्हणजे नेहमीची भावंडं, फक्त एकाच गाडीने आलेली. त्यांच्यात साधारण निम्मं सारखं असतं, कुठल्याही सख्ख्या भावंडांत असतं तसं. एक मुलगा, एक मुलगी असू शकते. एक उंच, एक बुटकं असू शकतं.

मी त्यांना घरची हकिकत सांगितली. आपल्या आजीची सुटका झाली तेव्हा सुईणीने वार हातात घेऊन पाहिली आणि जाहीर केलं, "एकच आहे, म्हणजे मुली अगदी एकसारख्या." तेव्हापासून आपल्या घरात हे वाक्य देवाच्या तसबिरीसारखं टांगलेलं आहे. मास्तर म्हणाले, वार एक असेल तर मग एकसारख्याच.

तेव्हा मी हरलो. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या जातीची जुळी म्हणजे एकाच लेखकाची दोन पुस्तकं, आणि आपल्या आया म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. पण मी मुद्रितशोधक आहे, ठमे. दोन प्रती तंतोतंत सारख्या असतात हे मला कुणी शिकवू नये. एकीत शाई उठलेली असते, एकीत एखादी मात्रा उडालेली असते. मास्तरांनीही याला दुजोरा दिला. दुभंगल्यावर पेशी वाढताना प्रत्येकीत बारीकसारीक चुका शिरतात. बोटांचे ठसे तर पोटात असतानाच निराळे होतात. आणि वय वाढतं तशी कुठली जनुकं जागी राहतात नि कुठली झोपी जातात यातही अंतर पडत जातं. माझा उत्तरपक्ष असा की माझ्या आईतली जी जनुकं जागी आहेत ती मला वाढवताना रात्री-बेरात्री उठल्यामुळे जागी आहेत. त्यांवर तुझा हक्क नाही.

हे थट्टेचं झालं. एक बिनथट्टेचं लिहितो. तुला आठवतं का, सुट्टीत त्या दोघी एकत्र आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या, आणि तू नि मी दाराशी उभे? एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं, मधे शिरायला फट नाही. संस्कृतात दोघांसाठी वेगळं वचन आहे. मी ते शाळेत शिकलो तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, मी ते घरी पाहिलेलं होतं. त्या दाराशी उभं राहताना तुझा हात माझ्या हातात असायचा, कारण बाहेर राहिलेली आपण दोघंच होतो. आता तू आत गेलीस. मी अजून दाराशीच आहे.

म्हणून तडजोड सुचवतो. शास्त्राने अर्धी आई तुझी, तर अर्धं वर्ष तुझं. ते संपत आलं.

पंडित

*

६ फेब्रुवारी

पंडितदादा,

नाही.

परवा मावशी माझा डबा घेऊन रक्तपेढीत आली. मी घरी विसरले होते. बाहेरच्या टेबलावरची बाई आईला चांगली ओळखायची. आईच्या स्वेटरमधली मावशी तिने दारातून आत येताना पाहिली आणि त्या बाईच्या हातातली नळ्यांची पेटी खाली पडली. मी आतून धावत आले. मावशी पॅसेजच्या टोकाला उभी होती, मागून उजेड. तिने एक खांदा जरासा उचलून हात हलवला, आई हलवायची तसा.

मी सगळ्यांसमोर "आई" अशी हाक मारली. तिने ओ दिली.

आता सांग, कशी पाठवू.

ठमी

*

१८ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या रक्तपेढीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी नेऊ नकोस.

'तिने ओ दिली' हे तीन शब्द मी इतक्या वेळा वाचले की त्यांत चूक सापडेल अशी आशा वाटू लागली. तुझी वहिनी म्हणाली, "अहो, दिली असेल ओ, बिचारी पोर हाक मारतेय म्हणून." मी म्हटलं, मी फोनवरून हाक मारतो तेव्हा ती फोन दुसऱ्याच्या हातात देते. यावर तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिला माझी दया आली असावी, आणि ते मला आणखीच झोंबलं.

मग काल छापखान्यात प्रथमोपचाराच्या पुस्तिकेची मुद्रितं आली. त्यांत रक्तगटांचं एक पान. कुणाचं कुणाला चालतं, कुणाचं चालत नाही. मी काना-मात्रा तपासत होतो आणि एकदम हात थांबला. कॉलेजात असताना माझा पाय मोडला होता, शस्त्रक्रियेत रक्त लागलं, ते आईने दिलं. नर्स मला उठवून म्हणाली होती, "आईचं नि तुझं दोघांचं ए, नशीबवान आहेस." माझी आई ए. आणि तू आपल्या हाताने लिहिलं आहेस, तुझी आई बी.

संध्याकाळी घरी पोचताच आधी मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले की एका बीजाच्या दोघींत एकीचा ए नि दुसरीचा बी असं होत नाही. "मग ती एकच वार?" मी विचारलं. तर म्हणाले, दोन वेगळ्या बीजांच्या वारी पोटात शेजारी शेजारी रुजल्या तर कडांनी जुळून एकच दिसतात. पुष्कळांची फसगत होते. आपल्या सुईणबाईंची झाली. त्यांच्या एका वाक्यावर या घराने सत्तरी पार केलेल्या दोन बायकांचं आयुष्य उभं केलं.

तेव्हा अनुमान असं. त्या दोघी एका पुस्तकाच्या दोन प्रती नव्हेत. चारचौघींसारख्या सख्ख्या बहिणी, फक्त एकाच दिवशी आलेल्या. आपण चारचौघांसारखी मावसभावंडं. भाचीचा मावशीत वाटा पाव. तुझा दावा अर्ध्यावरून पावावर आला, आणि माझा होता तिथेच, अर्ध्यावर.

आणखी एक अनुमान आहे, ते जास्त कडू आहे. रक्त तपासण्यात जिचं सगळं आयुष्य गेलं तिला हे ठाऊक नव्हतं असं मला मानता येत नाही.

महिना संपेपर्यंत आई घरी आली नाही, तर मी तिला हे कळवणार. ताईचं रक्त म्हणजे माझंच, ताई गेली तरी मी आहे म्हणजे निम्मी ती आहे, या समजुतीवर ती तिथे बसली आहे. समजूत काढून घेतली की तिला तिथे बसायला कारण उरत नाही. हे लिहिताना मला काही शोभा येत नाही, याची जाणीव आहे. पण शोभा सांभाळत बसलो तर आई तिकडेच राहते, हेही मला दिसतं आहे.

पंडित

*

२४ फेब्रुवारी

पंडितदादा,

हो, ठाऊक होतं. आईला रक्त द्यायचं ठरलं त्या दिवशी मावशीने हट्टच धरला, म्हणून तिचं बोट टोचून थेंब काचेवर घेतला होता. ए. काच धुऊन टाकली. डॉक्टर वयाचं म्हणाले ते खरं होतं, पण ते म्हणाले नसते तरी ते रक्त आईला चाललं नसतं. ज्या बाईला आयुष्यभर वाटलं की हिचं नि माझं एकच आहे, तिला त्या खाटेशी उभं करून मी काय सांगायचं होतं?

मग तुला ते अर्ध्या आईचं का लिहिलं? कारण कुठेतरी, कुणाच्या तरी हातात, ते लिहिलेलं असावं असं वाटलं. तू हुशार आहेस, तू मानलंस तर ते थोडं खरं होईल असंही वाटलं.

तू तुझ्या बायकोच्या, मास्तरांच्या, छापखान्याच्या गोष्टी लिहितोस. तुझ्याकडे सगळं आहे, वर आई आहे, आणि वर तक्रारही आहे. माझ्याकडे नुसती तक्रार आहे. मला तुझा किती हेवा वाटतो हे तुला कळणार नाही. तू लहानपणीही दाराशी उभा राहायचास ना, तेव्हा शेवटी त्या दोघींपैकी जी बाहेर यायची ती आधी तुला जवळ घ्यायची. कुठलीही आली तरी. मी मोजायचे नाही, पण मला ते दिसायचं.

धमकी तू द्यायची गरज नाही. तू कळवलंस नि ती तुझ्याकडे आली तर तू जिंकलास. म्हणून मीच तुझं पत्र आज संध्याकाळी तिच्यापुढे ठेवणार आहे. अक्षर तुझं आहे. रागावलीच तर तुझ्यावर रागावेल.

ठमी

*

३ मार्च

पंडिता,

आशीर्वाद आहेतच.

ठमीने तुझं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि ओट्याशी जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत राहिली. मी वाचलं. मग म्हटलं, आधीची पण आण. तिची कुठे आहेत विचारलं तर ती तुझ्याकडे. काय लिहिलं होतं ते तिच्याकडून एकेक वाक्य काढून घेतलं. मारून मुटकून सांगितलं तिने, पण सांगितलं.

रक्तगटाची बातमी तू मला देणार होतास. दे बाबा. आम्ही एकसारख्या नव्हतो हे मला कळायला काच लागली नाही. मी ताईच्या शेजारी आरशापुढे उभी राहिले आहे. तिच्या गालाला खळी पडायची, मी कितीही ओठ ओढले तरी माझ्या पडत नसे. तिची पावलं अरुंद, माझी रुंद. चेहरे जवळचे होते, बहिणींचे असतात तसे. बाकीचं मी केलं.

तुला हे मी कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि मलाही ते बोलून दाखवावंसं वाटलं नाही. ताई खोलीत आली की माणसं सरकून जागा करायची. मी आले की विचारायची, "ताई कुठाय?" मग मी तिच्यासारखी चालायला शिकले. तिच्यासारखी मान कलती ठेवायला शिकले. हसणं जमायला फार वेळ लागला. एक दिवस आमच्या मास्तरीणबाईंनी मला तिच्या नावाने हाक मारली, तेव्हा मी आनंदाने घरभर नाचले. सुईणीने सांगितलंच होतं, लोकांना फक्त पुरावा हवा होता, तो मी पुरवला.

ताईच्या लक्षात आलं होतं. एकदा अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "सगळं घेतेस माझं. मला काय ठेवणार?" दुसऱ्या दिवशी बघते तर ती डाव्या हाताने चहा ढवळतेय. ते माझं होतं. मग ती माझं काहीबाही घेत गेली. त्या रक्तपेढीत मी खांदा उचलून हात हलवला आणि ठमीने मला आई म्हटलं ना, तो खांदा मुळातला माझा. ताईने माझ्याकडून उचलला होता. ठमीला हे सांगितलं तर ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं रडतेस काय, इतक्या वर्षांत कुणीतरी माझं काही ओळखलं.

ओ दिली, कारण मला हाक आली. मला हाका कमी आल्या आहेत रे.

आता खरं सांगते. तुम्ही दोघं माझ्यावरून भांडता आहात हे मला आवडलं. फोनवर तुझा आवाज वर चढायचा आणि इथे ही ओठ घट्ट मिटायची. मी मधे बसून दोन्हीकडे बघायचे. आजवर माणसं भांडली ती ताईवरून. कोणी तिला घेऊन जायचं, कोणाकडे तिने राहायचं. माझ्यावरून पहिल्यांदाच. म्हणून तर मी फोन हिच्या हातात देत होते. मी स्वतः काही बोलले असते तर भांडण तिथेच मिटलं असतं.

पण एक गोष्ट राहिली. एवढी पत्रं झाली, सगळी माझ्याबद्दल. मला एकही नाही. अर्धी किती, पाव किती, हे तू मास्तरांना विचारून आलास. मी ठमीकडे नको, हे प्रत्येक पत्रात आहे. मी तुला हवी, हे मी शोधलं, मला सापडलं नाही. दोन्ही एकच असेल तर तसं कळव. तुझं शिक्षण जास्त आहे.

आई

*

११ मार्च

आई,

तुझं पत्र आल्यापासून रोज उत्तर लिहायला बसतो आहे. पहिल्या कागदावर मी तुझ्या प्रश्नाची दोन बाजूंनी मांडणी केली होती. दुसऱ्यावर दृष्टान्त दिला होता. ते सगळे फाडले. तुझ्या सुनेने टोपलीतले कपटे पाहिले आणि म्हणाली, "अहो, जेवायला हाक मारताना जसं बोलता तसं लिहा की." तेवढंच शिल्लक राहिलं आहे, ते लिहितो.

दोन्ही एक नाही. तुला ठमीकडे राहू द्यायचं नाही, हे मला मोठ्याने बोलता येतं. तू मला हवी आहेस, हे बोलायला बसलं की माझ्या तोंडून व्याख्यान बाहेर पडतं.

छापखान्यातून आलो की दिवसातली सगळ्यात गमतीची चूक तुला सांगायची, ही माझी सवय. तू हातातलं काम न थांबवता ऐकायचीस आणि शेवटी "मग? लावलीस का जागेवर?" असं विचारायचीस. तू गेल्यावर मी हिला सांगून पाहिलं. ही भली आहे, गोष्ट संपायच्या आधीच हसते. आता मी चुका लावतो आणि विसरून जातो. संध्याकाळी घरी येताना काही आणायचं राहिलं असं वाटत राहतं. खिसे चाचपून बघतो, सगळं असतं.

तू हवी आहेस. ठमी नसती, मावशी नसती, कोणी तुला मागत नसतं, तरी हवी होतीस.

तू लिहिलेलं वाचून एक गोष्ट मनात बसली आहे. मी तुला ओळखतो ती मावशीसारखी चालणारी. तुझं आधीचं चालणं कसं होतं ते मी कधी पाहिलेलंच नाही. तुला अजून आठवत असेल तर ये आणि दाखव. आठवत नसेल तरी ये.

तुझा मुलगा

*

२० मार्च

पंडितदादा,

मावशी शनिवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. स्टेशनवर वेळेवर ये, तिला उभं ठेवू नकोस. गुडघ्यांचं औषध बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहे, सुनेला सांग. मी स्टेशनपर्यंत जाईन, पुढे येणार नाही. ती म्हणाली, सुट्टी काढून तूही चल. मी बघू म्हटलं.

तू तिला काय लिहिलंस ते मला माहीत नाही. आपल्या पत्रांतला शब्दन् शब्द तिने माझ्याकडून काढून घेतला, आणि तिला आलेलं एक पत्र मला दाखवलं नाही. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाली, "ते माझं आहे."

काल संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती बाहेरच्या खोलीत एकटीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती. पाय जरा फाकून, टाच आधी टेकवत, मधेच थांबत, काही आठवत असल्यासारखी. मी म्हटलं, मावशी, पाय दुखतोय का? म्हणाली, "नाही गं, सराव करतेय." कसला ते सांगितलं नाही.

तुला सांगितलं असेल. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला आहे.

ठमी